नेहमी, कधीकधी, कधीच नाही

"आज चहाला चव आहे. म्हणजे नक्की कोणीतरी तपासायला येणार," रेडिओआजी कपात तोंड घालून पुटपुटल्या. "एरवी काय असतं कपात? गरम पाणी, आणि चहाची नुसती आठवण."

हे त्या स्वतःशीच बोलत होत्या. पण त्यांचं स्वतःशी बोलणं अर्ध्या हॉलला ऐकू जायचं. रेडिओ हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर नुकतीच येऊन टेकलेली थोरली एरवी खुदकन हसली असती. आज ती दाराकडे डोळे लावून बसली होती.

थोरली म्हणजे तळमजल्यावरच्या जोडखोलीत राहणाऱ्या जोडप्याची मोठी मुलगी. पन्नाशी उलटली, केसांना रंग लावायचाही कंटाळा यायला लागला, तरी घरात ती थोरलीच. वृद्धांच्या या निवासात बाकी सगळ्या खोल्या एकेकट्या माणसांच्या. नवराबायकोनं एकत्र राहावं अशी, दोन पलंगांची खोली एकच, म्हणून तिचं नाव जोडखोली. ती मिळवायला थोरलीनं किती उंबरे झिजवले ते तिचं तिला माहीत. धाकटा भाऊ तेव्हा फोनवर म्हणाला होता, "बाबांचं ठीक आहे. पण आईला कशाला तिथं टाकतेस? ती चांगली धडधाकट आहे." थोरलीनं ठणकावलं होतं, "टाकत नाहीये. दोघं एकत्र राहणार आहेत. बाबांना आई लागते." हे वाक्य तेव्हापासून तिनं ढालीसारखं वापरलं होतं. भावापुढे, नातेवाइकांपुढे, आणि केस विंचरताना आरशातल्या बाईपुढेसुद्धा.

"ताई, तुला तरी ठाऊक असेल," रेडिओआजींनी आवाज हळू केला, म्हणजे फक्त शेजारच्या टेबलापर्यंत पोचेल इतका. "कोण येणार आहे?"

"पाहणी आहे, आजी. आम्हाला घरी पत्र आलंय. इथं राहणारे समाधानी आहेत का, घरच्यांचं समाधान आहे का, एवढंच विचारणार आहेत."

"एवढंच!" आजींनी कप बशीत आपटला. "शिंपीकाकाला पण एवढंच विचारलं होतं. एक बाई आली. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. आज वार कुठला, काका? हे चित्र कशाचं, काका? तो म्हणाला, मला शर्टाचं माप विचारा, वार काय विचारता. झालं! त्याची पेटी तिकडे गेली, आणि मागोमाग तो."

तिकडे म्हणजे वरच्या मजल्यावर. ज्यांचं विसरणं हाताबाहेर गेलं त्यांचा विभाग तिथं होता. तिथल्या दाराला आकडे दाबायचं कुलूप होतं आणि ते आकडे फक्त कामावरच्या माणसांना माहीत होते. खाली कोणी 'वरचा मजला' असं म्हणत नसे. 'तिकडे' म्हणायचे, आणि म्हणताना छताकडे बघायचंही टाळायचे.

शिंपीकाकाला तपासणारी ती डॉक्टरीण होती, आणि आज येणार होत्या त्या पाहणीवाल्या बाई. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. हे थोरलीला पत्रावरून स्वच्छ कळलं होतं. पण हॉलमध्ये सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की हातात पॅड घेतलेली बाई आली म्हणजे परीक्षा, आणि नापास झाला तो तिकडे. थोरलीनं कोणाची समजूत काढली नाही. खरं सांगायचं तर तिचा तरी कुठं भरवसा होता? ती बाई बाबांशी जरा वेळ बोलत बसली, त्यांचं विसरणं तिच्या लक्षात आलं, तिनं कोणाच्या तरी कानावर घातलं, मग डॉक्टरीण, मग तिकडे. बाबा तिकडे गेले की जोडखोली जाणार. जोडखोली गेली की आई एकटी उरणार. आणि आई एकटी उरली की भाऊ फोन करून अगदी सरळ विचारणार, मग आता आई तिथं का आहे? या प्रश्नाचं उत्तर आपल्या दोन खोल्यांच्या घरात, कामाच्या पाळ्यांत आणि गुडघेदुखीत कुठं मावेल हे थोरलीला दिसत नव्हतं. म्हणून ती प्रश्नालाच दारात अडवून उभी होती. त्यासाठीच आज रजा टाकून आली होती.

खिडकीपाशी इथंच राहणारे हेडमास्तर बाबांची तयारी करून घेत होते.

"वार?"

"तुम्हीच सांगा की साहेब," बाबा प्रसन्नपणे म्हणाले.

"मी नाही, तुम्ही सांगायचंय."

"तुम्ही शिकलेले. आम्ही पडलो मीटर बघणारे."

बाबांची सगळी नोकरी लोकांच्या दारात गेली होती. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे. कुत्री, कुलपं, चिडलेल्या गृहिणी, बिलावरून भांडायला टपलेले म्हातारे, सगळ्यांशी गोड बोलून आत शिरायचं आणि गोड बोलूनच बाहेर पडायचं. अनोळखी माणूस हा त्यांचा रोजचा धंदा. आता ओळखीचं असं कोणीच उरलं नव्हतं, पण गोडवा शाबूत होता. त्यामुळे घटकाभर भेटणाऱ्याला वाटायचं, काय तल्लख आजोबा आहेत!

"बुधवार," हेडमास्तर म्हणाले. "म्हणा."

"बुधवार."

"शाबास. महिना?"

"बुधवार."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. ते निवृत्त होऊन जमाना लोटला होता, पण डोळे मिटून राग गिळायची सवय तेवढी शाळेतून सोबत आली होती.

"महिना राहू द्या," ते म्हणाले. "वार एकदा ठणठणीत गेला की पुढचं हसून मारून न्या. काहीही विचारलं तरी 'नेहमी' म्हणायचं. नेहमी छान, नेहमी मजेत." मग थोरलीकडे वळून, "आयुष्यात कधी पोरांना कॉपी करू दिली नाही मी. तुझ्या बापापायी तत्त्वं गुंडाळून ठेवलीत."

"उपकार झाले, सर."

"उपकार कसले? हे गेले तर पत्त्यांना चौथा गडी कुठून आणू? टाकतात भलतंच पान, पण टाकतात तरी."

"आणि वहिनींचं काय होईल?" रेडिओआजी मध्येच म्हणाल्या. "जोडी आहे, ती जोडी. आमच्या नशिबी ते नाही, निदान डोळ्यांना तरी दिसू दे." त्यांनी दाराजवळच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं आईबाबांचा हातात हात घेतलेला मोठा फोटो होता. निवासाच्या माहितीपत्रकावरही तोच होता. 'इथं साथ सुटत नाही,' असं खाली लिहिलेलं. फोटो काढला तेव्हा बाबांनी फोटोग्राफरला आईकडे बोट दाखवून विचारलं होतं, ह्या कोण? थोरली तिथंच उभी होती. सगळे हसले होते, तीही हसली होती.

"आई कुठाय?"

"असते कुठं? तिच्या जागेवर."

आईची जागा म्हणजे कॉरिडॉरमध्ये सिस्टरच्या टेबलाला लागून ठेवलेली खुर्ची. अलीकडे थोरली कधीही आली तरी आई तिथंच सापडायची. का गं इथं, असं विचारलं की म्हणायची, "इथं जरा वारा लागतो." त्या कॉरिडॉरला खिडकी नव्हती. थोरलीच्या हे लक्षात आलं होतं, पण तिनं त्यावर फारसा विचार केला नव्हता. म्हणजे करायला लागली की घाईघाईनं दुसरं काहीतरी आठवायची.

आई खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. मान पुढे पडायची, ती दचकायची, जोडखोलीच्या दाराकडे बघायची आणि पुन्हा डोळे मिटायची. लांब बाह्यांचा ब्लाउज, वर स्वेटर. हवेत उकाडा होता.

"आई."

"आलीस?" आई ताडकन सरळ झाली. "जेवलीस का?"

"तू कशी आहेस?"

"ठीक आहे."

आईला दाढ काढून आल्यावर विचारलं तरी ठीक आहे, आणि लेक सासरी निघाली तेव्हा विचारलं तरी ठीक आहे. थोरलीला त्याचा फार आधार वाटायचा.

"पाहणीवाल्या बाई येतील, तेव्हा घाबरू नको. बाबांना सर सगळं सांगतायत. तू फक्त, म्हणजे, दोघं मजेत आहोत म्हण. आणि ते आहेच ना."

आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, "जेवून घे गं काहीतरी. तोंड सुकलंय."

थोरली पाणी प्यायला उठली तर सिस्टर तिच्यामागोमाग आली. सिस्टर वयानं तिच्यापेक्षा बरीच लहान, पण इथल्या म्हाताऱ्यांना वळण लावून लावून आवाजाला एक जरब आली होती. आत्ता ती जरब कुठं दिसेना.

"ताई, आईंचं मनगट बघितलंत का?"

"हो, म्हणजे, मागच्या वेळी. दाराला लागलं म्हणाली."

"हं. मलाही तेच सांगितलं त्यांनी. मी तसंच लिहिलंय."

"मग झालं तर."

"झालं," सिस्टर म्हणाली. पण जागची हलली नाही. पाण्याच्या यंत्रातून थेंब थेंब गळत होते, ते दोघी बघत राहिल्या. "खांद्यावर पण आहे. आंघोळीच्या वेळी दिसलं. दार जरा उंचावरचं असेल."

विचारायचं होतं ते सगळं जिभेच्या टोकाशी आलं. पण सिस्टर काही बोलेल या आशेवर ती थांबली, आणि ताई काही विचारतील या आशेवर सिस्टर थांबली. आतून कोणीतरी सिस्टरला हाक मारली. दोघींची सुटका झाली.

पाहणीवाल्या बाई जेवणं उरकल्यावर आल्या. थोरलीनं मनाशी कोणीतरी कडक, टापटिपीतली साहेबीण रंगवली होती. ही बाई तिच्याच वयाची निघाली. सपाट बूट, खांद्यावर खच्चून भरलेली पिशवी, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली. पण आल्याबरोबर तिनं एक काम असं केलं की सगळे तिच्याकडे बघायला लागले. कामावरच्या सगळ्यांना तिनं बाहेर जायला सांगितलं, सिस्टरलासुद्धा.

"ह्यांच्यासमोर कोणी खरं बोलत नाही," ती हसून म्हणाली. "मी असते तर मीही बोलले नसते. औषधं त्यांच्याच हातची खायची ना शेवटी."

कोणी हसलं नाही. रेडिओआजींनी थोरलीचा हात दाबला. हुशार आहे हो, असा त्याचा अर्थ.

बाईंनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर मोठ्या ठसठशीत अक्षरांत चार ओळी होत्या: नेहमी. बहुतेक वेळा. कधीकधी. कधीच नाही. "मी प्रश्न वाचणार, तुम्ही यातल्या एकावर बोट ठेवून दाखवायचं. मला समजावून सांगायची परवानगी नाही. कळलं नाही तर मी तेच वाक्य पुन्हा वाचणार. कंटाळवाणं आहे, पण नियम आहे."

यादीत पहिलं नाव बाबांचं होतं.

"चला आजोबा, तुमच्या खोलीत बसू या निवांत."

"नको," बाबा म्हणाले.

"तिथं शांत बोलता येईल."

"त्या खोलीत नको." बाबांनी आवाज खाली आणला, एखाद्या घरात कुत्रं सुटं आहे हे पुढच्या माणसाला सांगावं तसा. "तिथं एक बाई असते."

पत्त्यांच्या टेबलावर हेडमास्तरांचा पिसणारा हात थांबला. कॉरिडॉरच्या तोंडाशी आई उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"अहो, थट्टेखोर आहेत ते!" रेडिओआजी मोठ्यांदा हसल्या. "लग्नाची बायको, तिला म्हणतात एक बाई!"

"भारी बोलतात," हेडमास्तर म्हणाले. आणखी कोणीतरी हसलं. थोरलीही हसली. तिचा तो हसण्याचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

पाहणीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. मग इथंच कोपऱ्यात बसू."

कोपरा पत्त्यांच्या टेबलापासून इतका जवळ होता की कोणालाच कान द्यावे लागले नाहीत. पत्ते पडत राहिले, पण कोणी हात मोजत नव्हतं.

"इथलं जेवण तुम्हाला आवडतं का?"

"बुधवार," बाबा ठणठणीत आवाजात म्हणाले.

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

बाईंनी काहीच लिहिलं नाही. चष्मा सारखा केला आणि तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा वाचलं. बाबा गोंधळले. धडा एकच दिला होता आणि तो तर देऊन झाला होता. त्यांची नजर हॉलभर फिरली आणि हेडमास्तरांवर येऊन थांबली. हेडमास्तरांनी पत्त्यांआडून ओठ हलवले.

"नेहमी!" बाबा खुलले.

"कामावरची माणसं तुमच्याशी आदरानं बोलतात का?"

"नेहमी."

"तुमच्या मनासारखी झोप मिळते का?"

"नेहमी, नेहमी."

गाडी रुळावर आली. थोरलीनं श्वास सोडला. बाबा आता रंगात आले होते. बाईंना बसायला नीट जागा आहे ना, पाणी हवं का, विचारत होते. एवढ्यात बाईंनी वाचलं, "तुम्हाला इथं एकटं वाटतं का?"

"नेहमी," बाबा त्याच हसऱ्या तोंडानं म्हणाले.

बाईंचं पेन क्षणभर कागदावर अडकलं. मग त्यांनी खूण केली. नियम होता.

उरलेले प्रश्न कसे गेले ते थोरलीला कळलं नाही. बाबा उठले, बाईंना म्हणाले, "तुमचं मीटर व्यवस्थित चालू आहे, काळजी करू नका," आणि पत्त्यांच्या टेबलावर जाऊन बसले. हेडमास्तरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. रेडिओआजींनी बाईंची पाठ बघून थोरलीला अंगठा वर करून दाखवला. पास! थोरलीचा फोन थरथरला. भावानं विचारलं होतं, काय झालं? तिनं लिहिलं, बाबांचं छान झालं. पाठवताना बोट जरा अडखळलं, पण पाठवलं.

"आता आजी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला खोली चालेल?"

आईनं बाबांकडे बघितलं. ते पत्ते उलटे धरून बसले होते. "ते इकडेच आहेत ना? मग चालेल."

"कोणाला बरोबर ठेवायचंय का? नसेल तर..."

"मी थांबते," थोरली म्हणाली.

"मी आजींना विचारलंय, ताई."

थोरलीचे कान तापले. सगळं आयुष्य आईच्या वतीनं उत्तरं देण्यात गेलेलं. डॉक्टरकडे, बँकेत, दुकानात. आईनं लेकीकडे बघितलं. मग म्हणाली, "थांबू दे तिला. बाहेर ठेवलं तर दाराला कान लावून घामाघूम होईल."

"ठीक. पण ताई, मध्ये एक शब्द नाही. खाकरायचंसुद्धा नाही. माझ्यावर नाही, नियमावर रागवा."

जोडखोलीत पाऊल टाकलं आणि थोरलीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पलंगांची अदलाबदल झाली होती. खिडकीकडचा पलंग आईला हवा म्हणून तिनं किती हुज्जत घातली होती. आता आईचा पलंग दाराला चिकटलेला होता. मधल्या टेबलावरचा काचेचा तांब्या जाऊन तिथं प्लॅस्टिकची बाटली आली होती. आणि न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत स्टुलावर आईची उशी, उशीवर चष्मा, आणि वाचता वाचता पालथं घातलेलं पुस्तक. दाराला आतून नवी कडी बसवलेली. स्क्रूच्या कडेचा भुसा अजून झाडलेला नव्हता.

थोरलीनं नजर काढून घेतली. पण या वेळी तिला पटकन दुसरं काहीच आठवेना.

"इथलं जेवण तुम्हाला आवडतं का?"

"कधीकधी," आई म्हणाली. "आज चांगलं होतं. तुम्ही येणार म्हणून."

"कामावरची माणसं आत येण्याआधी दार वाजवतात का?"

"नेहमी." आईनं जरा विचार केला. "न वाजवता आली तरी चालतील मला. हवीच आहेत."

"तुमच्या मनासारखी झोप मिळते का?"

आईचं बोट पुठ्ठ्यावर तरंगत राहिलं. थोरलीनं खुर्चीची कड घट्ट धरली. बाईंनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, अगदी पहिल्यासारखं.

"कधीच नाही," आई म्हणाली.

बाईंनी खूण केली. पान उलटलं. "तुमच्या खोलीत तुम्हाला सुरक्षित वाटतं का?"

बाहेर हॉलमध्ये कोणीतरी डाव जिंकला. हेडमास्तरांचा आवाज चढला, बाबांचं हसू ऐकू आलं. ते हसू ऐकून आईनं चटकन दाराकडे मान वळवली. कॉरिडॉरमध्ये डुलक्या घेताना वळवायची तशी.

"दुसरा घ्या," ती म्हणाली.

"सोडून देता येईल. हरकत नाही."

"सोडला तर काय समजतात?"

"काहीच समजत नाहीत. तिथं रेघ मारतात."

आईनं पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला. "बाई, एक विचारू? यात नापास कोण होतं?"

"आजी?"

"नाही म्हणजे, बाहेर सगळे घाबरलेत. ह्यांना नापास कराल म्हणून. सकाळपासून वार पाठ करून घेतायत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बहुधा इथं नियम जरा सैल होता. "ही परीक्षा तुमची नाही, आणि आजोबांचीही नाही. या निवासाची आहे. नापास झालं तर ते होईल."

"म्हणजे मी काही बोलले म्हणून ह्यांना कोणी तिकडे नेणार नाही?"

थोरलीला वाटलं, आता ही बाई नाही म्हणेल, आणि सगळं सुरळीत होईल. सगळं पूर्वीसारखं.

पण बाईंनी घाई केली नाही. "खोटं नाही सांगणार, आजी. तुमची उत्तरं नावाशिवाय जातात. जेवण, झोप, ते सगळं. पण इथं कोणाला इजा होतेय असं मला कळलं, तर ते मला सांगावंच लागतं, नावासकट. पुढे काय करायचं ते दुसरे ठरवतात. नेतीलही कदाचित. हे आधीच सांगते, मागाहून मी फसवलं असं वाटायला नको. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

आईचा हात नकळत स्वेटरच्या बाहीवर गेला आणि ती खाली ओढू लागला. थोरलीनं ते बघितलं. ते बाईंनी बघितलं, हेही तिनं बघितलं. आणि तिच्या तोंडून निसटलंच.

"आई, दाराला लागलं होतं ना? तूच म्हणालीस."

"ताई," बाई म्हणाल्या.

"नाही, पण म्हणजे, उगाच गैरसमज नको. इतकी वर्षं झाली लग्नाला. बाबांनी कधी मुंगीला पाय लावला नाही. सगळे म्हणतात..."

"ताई, तुम्हाला बाहेर जावं लागेल."

"राहू द्या तिला." आईचा आवाज चढला नव्हता, पण थोरली थांबली. "ऐकू दे. थोरले, मला सांग, दार कधी पाठीमागून येतं का गं?"

थोरलीची नजर न्हाणीघराच्या नव्या कडीवर गेली.

"सगळे म्हणतात," आई म्हणाली. "म्हणणारच. आमच्याबरोबर जेवतात, पत्ते खेळतात, फोटो बघतात. दुपारी जेवणं झाली की आपापल्या खोल्यांत जातात आणि दारं लावून घेतात. मग इथं आम्ही दोघंच. ते झोपतात. उठले की त्यांच्या घरात एक परकी बाई बसलेली असते."

तिनं पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात पालथे ठेवले.

"त्यांची चूक नाही हो, बाई. हे नीट लिहा. आधी गोड बोलून विचारतात. कोण तुम्ही, कोणाकडे आलात. मी सांगते, अहो मी. ते म्हणतात, माझी बायको आत्ता येईल, तिला आवडणार नाही, निघा. मी निघत नाही. कुठं निघू? मग धरून काढतात. आपल्या घरात कोणी घुसलं तर मीही काढलं असतं. पण ती बाई मी आहे ना."

"आई," थोरली म्हणाली. "तू मला... मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू सांगायचीस, दोघं एकत्र आहात, किती बरं आहे. तुझं तोंड बघून मला वाटायचं, आहे बाई बरं. हिला तेवढाच आधार." आईनं हात पुढे करून थोरलीच्या गुडघ्यावर ठेवला. बाही वर सरकली. तिनं ती पुन्हा खाली ओढली नाही. "मला तुझ्या घरी ने म्हणत नाहीये मी. घाबरू नको."

थोरलीला काही बोलायचं होतं. नाही, तसं नाही, असं काहीतरी. पण तसंच होतं, आणि ते आईला पहिल्यापासून माहीत होतं. तिनं फक्त आईच्या हातावर हात ठेवला. मनगट सोडून, बोटांवर.

"आजी," पाहणीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता पुस्तकी राहिला नव्हता, पण त्यांनी पान समोर धरलं आणि वाक्य होतं तसंच वाचलं. "तुमच्या खोलीत तुम्हाला सुरक्षित वाटतं का?"

आईनं पुठ्ठ्याकडे बघितलंच नाही.

"मला त्यांची भीती वाटते," ती म्हणाली. "मला ह्यांच्याबरोबर एका खोलीत राहायचं नाही."